फ्लॅटमध्ये धुराचं मटण

नागालँडच्या पोस्टिंगवर चुलीच्या वर आठवडेच्या आठवडे टांगलेलं डुकराचं मांस ज्याने खाल्लं, त्याची जीभ पेन्शनीतही तीच चव मागते. पण आता घर बसवनगुडीत, गांधी बाजारजवळ, तिसऱ्या मजल्यावर, आणि शेजारी बहुतेक शाकाहारी. कोणता स्मोकर घ्यावा, असं मित्र विचारतात.

माझं मत स्पष्ट आहे : कोळशाचा नकोच. बंद बाल्कनीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. बुखारी लावून झोपण्याबद्दल मिळालेली ताकीद आठवा. इलेक्ट्रिकचा धूरही शेवटी शेजाऱ्यांच्याच खिडकीत जातो.

जाड बुडाची जुनी कढई घ्या. तळाला आंब्याच्या लाकडाचा मूठभर भुसा, त्यावर फॉइल, मग जाळी आणि जाळीवर कोंबडीच्या तंगड्या. झाकणाच्या कडेला कणीक लावा. (प्लायवूडचा भुसा अजिबात नको, त्यात गोंद असतो.) मंद आचेवर पाऊण तास, गॅस बंद केल्यावर धूर आतच बसू द्या. पैसे फक्त मांसात खुपसायच्या थर्मामीटरवर खर्च करा. आत ७४ अंश सेल्सियस भरले नाहीत तर तव्यावर पुन्हा शिजवा.

डुकराच्या त्या चवीसाठी मात्र मी अजून कोहिमाहून सुट्टीवर येणाऱ्या जवानाचीच वाट बघतो.