ऐकण्याची वर्गणी कोणी भरायची?

श्रवणाला किंमत असावी की नसावी, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. घरात रेडिओचा संच ठेवायचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, दरसाल शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे आणि ते राहून गेले तर तपासनीस दारात येऊन उभा राहील, अशी धास्ती असे. साध्या संचाला वर्षाकाठी १५ रुपये पडत. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगारात ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही परवानापद्धती संपुष्टात आली आणि ऐकणे फुकट असते, अशी समजूत एका पिढीच्या मनात कायमची रुजली. तीच समजूत आज मोबाइलच्या पडद्यावर येणाऱ्या एका ओळीने डळमळू लागली आहे. ‘पुढे ऐकण्यासाठी सदस्य व्हा’ अशी ती ओळ आहे.

पॉडकास्ट, म्हणजे सवडीने ऐकता यावा असा साठवून ठेवलेला ध्वनिकार्यक्रम, हा प्रकार गेल्या काही वर्षांत मराठी श्रोत्याच्या चांगलाच अंगवळणी पडला आहे. छत्रपती संभाजीनगरपुरते बोलायचे, तर वाळूजच्या कारखान्याकडे जाणारा कामगार, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तालुक्याहून येऊन खोली घेऊन राहिलेला विद्यार्थी आणि डोळे थकल्यामुळे पुस्तक हातावेगळे झालेला निवृत्त शिक्षक हे तिघेही या श्रोतृवर्गात येतात. अंध वाचकांसाठी तर ही सोय चैनीत मोडतच नाही. ती गरज आहे. म्हणूनच या ॲपांविषयीच्या तक्रारी किरकोळ मानून सोडून देता येत नाहीत.

तक्रारींचे स्वरूप

या तक्रारी तीन प्रकारच्या आहेत. पहिली अस्थैर्याची. गूगलने २०१८ साली पॉडकास्टसाठी स्वतंत्र ॲप काढले, लोकांना त्याची सवय लावली आणि २०२४ मध्ये ते बंद करून टाकले. एअरटेलचे विंक हे संगीताचे ॲपही त्याच वर्षी गुंडाळले गेले. दुसरी तक्रार अडवणुकीची. स्पॉटिफायने २०२३ मध्ये भारतातील विनामूल्य श्रोत्यांवर मर्यादा घातल्या. गाणी हव्या त्या क्रमाने लावण्याची मुभा काढून घेतली. यूट्यूबवर पडदा बंद केला की आवाजही बंद होतो, आणि तो चालू राहावा असे वाटत असेल तर पैसे मोजावे लागतात. व्याख्यान ऐकायला पडदा कशाला हवा, या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही, केवळ व्यापारी उत्तर आहे. तिसरी तक्रार वर्गणीच्या सापळ्याची. आरंभी एखादा रुपया घेऊन प्रवेश द्यायचा, त्याच वेळी खात्यातून परस्पर रक्कम वळती करण्याची संमती घेऊन ठेवायची आणि बाहेर पडण्याचे दार मात्र चार पडद्यांमागे दडवायचे, ही रीत आता सर्वपरिचित आहे.

एवढ्यावरून वर्गणी ही मुळातच अन्यायकारक आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे.

यंत्र, मजकूर आणि वाहतूक

या प्रश्नावरील चर्चेत तीन भिन्न गोष्टींची सरमिसळ होते. श्रोता वापरतो ते ॲप हे यंत्र आहे. त्याची तुलना जुन्या रेडिओ संचाशी करता येईल. त्या यंत्रातून ऐकू येतो तो कार्यक्रम, म्हणजे मजकूर. तो मजकूर श्रोत्यापर्यंत पोचवणारी इंटरनेटची सेवा ही वाहतूक. वाहतुकीचे पैसे श्रोता आधीच भरत असतो. २०१६ मध्ये जिओच्या आगमनाने ही वाहतूक विलक्षण स्वस्त झाली हे खरे. पण २०२४ च्या जुलैमध्ये प्रमुख कंपन्यांनी आपले दर वाढवले, हेही तितकेच खरे. म्हणून ‘फुकट ऐकणारा’ हे विशेषण तपासून वापरले पाहिजे. फुकट ऐकणारा कोणीच नसतो. कोणाला किती द्यायचे एवढाच वाद असतो.

पॉडकास्टची मूळ रचना या बाबतीत मोठी उदार होती. कार्यक्रम करणाऱ्याने आपल्या भागांची एक खुली यादी इंटरनेटवर ठेवायची आणि कोणत्याही ॲपने ती वाचून भाग ऐकवायचा, असा हा साधा व्यवहार होता. संच कोणत्याही कंपनीचा असो, त्यावर परभणीही लागे आणि सिलोनही लागे, तसेच हे. २००४ च्या सुमारास हा शब्द रूढ झाला आणि २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये या कार्यक्रमांना जागा दिली, तेव्हाही ही खुली यादीच पायाभूत होती. गूगलचे ॲप बंद पडले तेव्हा श्रोत्यांना आपल्या कार्यक्रमांची यादी बाहेर काढून दुसऱ्या ॲपमध्ये नेता आली, ती याच रचनेमुळे.

या उदारतेवर पहिला आघात झाला तो कार्यक्रमच ॲपमध्ये कोंडण्याच्या प्रयत्नाने. अमेरिकेत २०१९ साली ल्युमिनरी नावाचे ॲप मोठे भांडवल घेऊन, केवळ आपल्याकडेच ऐकता येतील असे कार्यक्रम घेऊन उतरले. त्याने खुले कार्यक्रमही आपल्या मांडणीत घेतले, तेव्हा त्यांपैकी काहींनी आपले नाव काढून घेतले. स्पॉटिफायने २०२० मध्ये जो रोगन याचा लोकप्रिय कार्यक्रम मोठी रक्कम मोजून स्वतःपुरता बांधून घेतला. २०२४ मध्ये तो पुन्हा इतरत्र खुला झाला. श्रोत्याला कोंडणे बलाढ्य कंपनीलाही सोपे जात नाही, असा याचा अर्थ.

हा धडा भारताला फार पूर्वीच मिळालेला आहे. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली, तेव्हा श्रोत्यांनी निषेधसभा भरवल्या नाहीत. त्यांनी खुंटी फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करणे सरकारला भाग पडले. श्रोत्याचे खरे सामर्थ्य त्या खुंटीत होते. आजच्या ॲपांपैकी ज्यांनी ही खुंटीच काढून टाकली आहे, त्यांच्याविषयी श्रोत्याने सावध राहावे, हे सांगणे म्हणूनच अगत्याचे आहे.

वर्गणीच्या बाजूने

तथापि दुसरी बाजूही तेवढ्याच निष्पक्षपणे पाहिली पाहिजे. ॲप हे यंत्र असले तरी ते रेडिओ संचासारखे एकदा बनवून विसरता येत नाही. मोबाइलची कार्यप्रणाली दरवर्षी बदलते, त्याबरोबर ॲपही बदलावे लागते; श्रोत्याने कुठवर ऐकले याची नोंद ठेवणारे संगणक रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. एकदाच घेतलेल्या किमतीत हा नित्याचा खर्च कायम भागत नाही. पॉकेट कास्ट्स या ॲपची कथा येथे उद्बोधक आहे. मूळचे ऑस्ट्रेलियातील हे ॲप एकरकमी किमतीला विकले जात असे. २०१८ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक नभोवाणी संस्थांनी ते विकत घेतले आणि २०१९ मध्ये मूळ ॲप विनामूल्य करून काही अधिक सोयींसाठी वर्गणी लावली. ज्यांनी त्या सोयींचे पैसे आधीच भरले होते, ते साहजिकच संतापले. प्रथम त्यांना तीन वर्षांची सवलत देऊ करण्यात आली आणि ओरड झाल्यावर ती आजीवन करावी लागली. पुढे २०२१ मध्ये ॲप पुन्हा विकले गेले आणि २०२२ मध्ये त्याची मोबाइलवरील आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. या प्रकरणात लोकांचा रोष मुख्यतः वर्गणीवर नव्हता, दिलेला शब्द फिरवण्यावर होता. हा भेद महत्त्वाचा आहे.

वर्गणी नको म्हटले की उरतो तो जाहिरातीचा मार्ग. आकाशवाणीनेही तो पत्करला. १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवरून जाहिराती सुरू झाल्या. परंतु त्या काळच्या जाहिरातीला ऐकणारा कोण आहे हे ठाऊक नसे. आजच्या जाहिरातीला ते ठाऊक असते. कोणी काय ऐकले, किती वेळ ऐकले आणि कोठे कंटाळून सोडून दिले, याची नोंद ठेवून ती जाहिरातदाराच्या कामी आणली जाते. ज्या बाजारात श्रोता पैसे देत नाही, तेथे तो गिऱ्हाईक राहत नाही. विक्रीचा माल होतो. या दृष्टीने पाहता, माफक आणि उघड वर्गणी हा श्रोत्याच्या प्रतिष्ठेला अधिक शोभणारा मार्ग ठरतो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्वीडनमधील स्टोरीटेल ही कंपनी २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा आरंभीच्या भाषांत मराठी होती, आणि वर्गणीच्या बळावर शेकडो मराठी पुस्तके आवाजात उतरली. अनेक नटांना, निवेदकांना आणि लेखकांना त्यातून काम मिळाले. केवळ जाहिरातीवर हे घडले असते, असे म्हणता येणार नाही. जाहिरात गर्दीमागे जाते. गंभीर मराठी ग्रंथाला गर्दी नसते, निष्ठावंत वाचक असतो. अशा वाचकाला वर्गणी ठाऊक असते. मराठी साप्ताहिके, मासिके आणि वाचनालये पिढ्यान्‌पिढ्या वर्गणीवरच चालली.

वर्गणी आणि सापळा

तेव्हा आक्षेप वर्गणीवर नसून तिच्या वसुलीच्या पद्धतीवर हवा. या बाबतीत कायद्याने काही पावले टाकली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून परस्पर होणाऱ्या वसुलीची सूचना किमान २४ तास आधी देणे बंधनकारक झाले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत वर्गणीच्या सापळ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. सदस्यत्व रद्द करणे अशक्य वा किचकट करणे हा आता केवळ असभ्यपणा राहिलेला नाही, तो अनुचित व्यापार ठरतो. नियम आहेत, ते वापरणारा ग्राहक मात्र विरळा. महिन्याला शंभर रुपयांसाठी तक्रार कोण करील, या हिशेबावरच सापळा लावणाऱ्यांचे गणित बेतलेले असते.

वर्गणीचा पैसा जातो कोठे, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. ॲप ज्या दुकानातून उतरवून घेतले जाते, त्या दुकानाचा मालक आपला वाटा आधी कापून घेतो. गूगलच्या या वाट्यावरून २०२४ च्या मार्चमध्ये मोठा वाद झाला. अनेक भारतीय ॲपे दुकानातून काढून टाकण्यात आली, त्यांत कुकू एफएम हे श्राव्य कार्यक्रमांचे ॲपही होते. सरकारने मध्यस्थी केल्यावर ती परत आली. भारतीय स्पर्धा आयोगाने त्यापूर्वी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, दुकानातील देयकपद्धतीवरून गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता; अपील न्यायाधिकरणाने पुढे ती रक्कम बरीच कमी केली. श्रोत्याने दिलेल्या रुपयातून दुकान, ॲप आणि निर्माता अशा तीन वाटण्या होतात, आणि ज्याच्या आवाजासाठी पैसे दिले, त्याची पाळी शेवटी येते. ॲपांनी ही वाटणी जाहीर केली, तर वर्गणी मागण्याचा नैतिक अधिकार त्यांना अधिक ठामपणे सांगता येईल.

वाचनालयाचा मार्ग

उरतो तो ऐपतीचा प्रश्न, आणि खरा प्रश्न हाच आहे. एक वर्गणी जड नसते. परंतु गाण्यांची एक, पुस्तकांची दुसरी, चित्रपटांची तिसरी आणि अभ्यासाची चौथी अशी रांग लागली की मेसचे पैसे मोजून देणाऱ्या विद्यार्थ्याला ती पेलवत नाही. या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याने पूर्वी एकदा शोधलेले आहे. निजामी राजवटीत, मराठीला राजाश्रय नसताना, गावोगावी वाचनालये उभी राहिली. एकाला न परवडणारे पुस्तक शंभरांच्या वर्गणीतून सर्वांचे झाले. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने या चळवळीला सरकारी अनुदानाची जोड मिळाली. मग श्राव्य पुस्तकांची वर्गणी वाचनालयाने भरावी आणि त्याच्या सभासदाने ती घरी बसून ऐकावी, ही व्यवस्था अशक्य का मानावी? अंध वाचक आणि वसतिगृहातील विद्यार्थी यांना तिचा लाभ सर्वप्रथम होईल. अनुदानाच्या नियमांत कागदाच्या पुस्तकाइतकेच स्थान आवाजाच्या पुस्तकाला द्यावे लागेल, एवढाच काय तो बदल.

आणि एक ठेवा असा आहे, की ज्यावर कोणतीही वर्गणी असता कामा नये. संभाजीनगरला नभोवाणीचा इतिहास निजामाच्या काळापासूनचा आहे. १९५० मध्ये आकाशवाणीने संस्थानांची जी केंद्रे ताब्यात घेतली, त्यांत औरंगाबादचे केंद्रही होते. आकाशवाणीच्या केंद्रांनी दशकानुदशके ध्वनिमुद्रित केलेली व्याख्याने, श्रुतिका, लोकगीते आणि मुलाखती यांचा खर्च लोकांनी एकदा परवान्याच्या रूपाने आणि नंतर कराच्या रूपाने भरलेला आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज हे आपले ॲप सुरू केले. त्यावर किंवा अन्यत्र, परंतु खुल्या यादीच्या स्वरूपात, कोणत्याही ॲपवर ऐकता येईल असा हा मराठी संग्रह उपलब्ध झाला पाहिजे. ज्याचे मोल आधीच चुकते झाले आहे, ते दुसऱ्यांदा मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि ते कपाटात कुजू देण्याचाही नाही.

खासगी ॲपांनी वर्गणी जरूर मागावी. परंतु ती उघडपणे मागावी, जुन्या ग्राहकाला दिलेला शब्द पाळावा, श्रोत्याची यादी श्रोत्याच्या मालकीची मानावी आणि जाणाऱ्याला दार मोकळे ठेवावे. श्रोत्यानेही, जे आवडते त्याचे मोल देण्याची जुनी मराठी सवय पुन्हा अंगी बाणवावी. पंधरा रुपयांचा परवाना सरकारच्या धाकाने काढला जात असे. आजची वर्गणी खुशीने भरली जावी, एवढी पात्रता ती मागणाऱ्यांनी आधी सिद्ध केली पाहिजे.