घरची गाडी : पासिंगआधी स्टिअरिंग हलवून बघा

मैत्रिणींनो, रोज हाताळायची वस्तू हळूहळू सैल होत गेली की आपल्या लक्षातच येत नाही. कुकरच्या मुठीचंच बघा ना! आमच्या गाडीचंही तसंच झालं. 2009 साली घेतलेली गाडी, 2024 मध्ये पंधरा वर्षं भरली म्हणून पुन्हा पासिंगला न्यायची होती. दिवे, वायपर, हॉर्न सगळं ह्यांनी बघून घेतलं. पण वन्सं चार दिवस राहायला आल्या होत्या, त्या बाजारापर्यंत गाडी घेऊन गेल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "अहो वहिनी, स्टिअरिंग केवढं हलतंय! चालवता तरी कशी तुम्ही?"

आम्हां दोघांना त्याची सवयच होऊन गेली होती. म्हणून पासिंगआधी एकदा तरी गाडी दुसऱ्या जाणत्या माणसाला चालवायला द्याच.

मग घरीच एवढं करा. गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. पुढची चाकं सरळ हवीत. किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. स्टिअरिंगला अगदी वर मधोमध एक रंगीत दोरा बांधा. आता ते अलगद डावीउजवीकडे हलवा आणि मुलाला किंवा ह्यांना बाहेर उभं राहून पुढच्या टायरकडे बघायला सांगा. टायर जागचा हलेपर्यंत दोरा जेवढा सरकेल तेवढा 'प्ले'.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत हा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा असं आहे. म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंतचं अंतर. पण तिथवर जाऊ देऊ नका बाई! लहान गाडीत दोरा दोन बोटांहून जास्त सरकला की गॅरेज गाठावं.

हा सैलपणा बहुतेक वेळा येतो तो टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यातून. वाटीत गोटी बसावी तसा हा सांधा असतो आणि त्याच्यावर रबरी टोपी असते. टोपी फाटली की आत धूळ-पाणी जातं, ग्रीस निघून जातं आणि गोटी खुळखुळायला लागते. खड्ड्यातून जाताना 'कट कट' आवाज येतो तो पुष्कळदा हाच. टोपी धड असावी असंही नियमात आहे, तेव्हा तीही बघून घ्या.

आमच्या मिस्त्रीने गाडी न उचलताच सांगितलं, "रॅक बदलायला लागेल." खर्चाचा आकडा ऐकून हे गाडीच विकायला निघाले! मी म्हटलं, आधी दाखवा तर खरं. जॅकवर चाक उचलल्यावर टायर घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायला सांगितला. खुळखुळला. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवला, घट्ट होता. तिथेही हलला असता तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट बघावा लागला असता. मग मी आत बसून स्टिअरिंग हलवत राहिले आणि मिस्त्रीने सांध्यावर हात ठेवला. डावीकडची टोपी फाटलेली, सांधा खिळखिळा. तेवढाच बदलला, रॅकला हात लावावा लागला नाही. कधी कधी रॅक खरोखरच झिजलेला असतो, नाही असं नाही. पण त्याच्यावर शिक्का मारण्याआधी सांधे तपासून घ्यावेत. हे सगळं गॅरेजमध्येच हं. घरी जॅक लावून गाडीखाली जायचं नाही.

सांधा बदलला की अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका अंगाने झिजतात. आणि रॅकचा स्क्रू नुसता आवळून "झालं काम" म्हणणाऱ्याकडे लक्ष ठेवा. जास्त आवळला तर स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर आपणहून सरळ येत नाही.

पासिंगची तारीख जवळ आली तरी एक पथ्य पाळा. सैलपणा एकाएकी वाढला, किंवा स्टिअरिंग फिरवूनही गाडी उशिरा वळते असं वाटलं, तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. मिस्त्रीलाच घरी बोलवा.