सैनिकपत्नीच्या वयाची नोंद कुठे आहे?

महार रेजिमेंटचा इतिहास आपल्या समाजाला तोंडपाठ आहे. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला लाखोंचा जनसमुदाय मानवंदना देतो. इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. हे सारे आपण भाषणांतून सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. पण या इतिहासात सैनिकाची पत्नी कुठे आहे?

परमपूज्य बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई या सैनिकाच्याच पत्नी होत्या. वडील, सासरे, पती तिघेही सैन्यात. छावणीमागून छावणी करत त्यांनी संसार केला. चौदा अपत्यांना जन्म दिला, त्यातली बहुतेक डोळ्यांदेखत गेली. बाबासाहेब लहान असतानाच त्या वारल्या. भीमाबाईंना दीर्घायुष्य लाभले नाही. पुढच्या पिढ्यांतल्या अनेकींना ते लाभले आणि त्यांनी ते समाजासाठी झिजवले.

शिपाई सीमेवर, त्याची बायको गावात, असे कित्येक संसार झाले. वर्षातून एकदा सुट्टी, मधल्या काळात मनीऑर्डर आणि दुसऱ्याकडून वाचून घेतलेले पत्र. १९६२, १९६५, १९७१ ची युद्धे या बायांनी तारवाल्याच्या पावलांकडे कान लावून काढली. मनीऑर्डरच्या पैशातून आधी पोरांची फी भरली, मग लुगडे घेतले. नवरा ऐन चाळिशीत पेन्शनवर आला, तेव्हा त्याला शहरात वॉचमनची नोकरी धरायला लावून मुलांचे शिक्षण पुढे रेटले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव्हारे हलवण्यात त्या पुढे होत्या. विहाराच्या वर्गणीसाठी पदर खोचून दारोदार त्याच फिरल्या, वर्षावासात ग्रंथवाचनाला सर्वांत आधी येऊन त्याच बसल्या.

आज यातल्या अनेक जणी ऐंशी-नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्याबाबत कायदा काय सांगतो, हे समाजबांधवांनी नीट समजून घ्यावे. सैनिकाच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यात वयाप्रमाणे वाढ होते : ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ रकमेच्या २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभराव्या वर्षी पूर्ण १०० टक्के. सातव्या वेतन आयोगाने किमान कुटुंब निवृत्तिवेतन ९ हजार रुपये केले. त्या हिशेबाने नव्वदीच्या आजीला दरमहा ३,६०० रुपये जास्त मिळतात, त्यावर महागाई भत्ता वेगळा. आजीच्या औषधपाण्याला हा केवढा आधार!

पण अनेक जुन्या पेन्शन आदेशांत पत्नीची जन्मतारीखच नाही. नवऱ्याचा नंबर, हुद्दा, पलटण सगळे आहे, तिच्यासाठी फक्त नाव, आणि तेही अनेकदा चुकीचे. घरात बाळंतपण झाले, शाळेची पायरी चढू दिली नाही, मग दाखला आणायचा कुठून? जिला व्यवस्थेने शिक्षण नाकारले, तिच्याकडेच व्यवस्था जन्माचा पुरावा मागते. आणि आधार कार्डावर पाहावे तर अंदाजाने टाकलेली १ जानेवारी!

यावर मार्ग आहे. मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड अशा कागदांवरून जन्मतारीख नोंदवून घेता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सागर येथील रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. आधी सर्व कागदांवरचे नाव एकसारखे करून घ्यावे. दाद मिळाली नाही तर २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण निर्माण झाले आहे, त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. आणि कुणी उपकाराची भाषा केली तर त्याला १९८२ चा नाकरा खटला दाखवावा. पेन्शन ही भीक किंवा बक्षिसी नसून हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले आहे.

आपल्या समाजात आज वकील आहेत, बँक कर्मचारी आहेत, कॉम्प्युटर येणारी पोरे आहेत. यातले अनेक जण याच बायांच्या मनीऑर्डरवर शिकले. मग प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार या आजींच्या कागदपत्रांसाठी का देऊ नये? कागद पाहताना त्यांच्या आठवणीही टिपून घ्याव्यात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले, म्हणून तो इतिहास वाचला. सैनिकपत्नींचे तसे काम व्हायला हवे, आणि त्याला आता फार वेळ उरलेला नाही.

विजयस्तंभासमोर ताठ मानेने जरूर उभे राहा. पण गावाकडच्या घरात खाटेवर बसलेल्या आजीचा पेन्शनचा कागदही एकदा उघडून पाहा. तिच्या वयाचा रकाना रिकामा असेल, तर तो भरणे ही आपली जबाबदारी आहे.

जयभीम!