भाड्याची मोटार आणि उतारूचा जीव

ता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें मोटार हांकण्याच्या परवान्यासंबंधानें जो निकाल दिला, तो टॅक्सींतून हिंडणाऱ्या प्रत्येक नागरिकानें समजून घेण्याजोगा आहे. हलक्या मोटारीचा परवाना ज्याच्यापाशीं आहे, त्यानें ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची भाड्याची गाडी चालविल्यास परवान्यावर निराळा शेरा असण्याची जरुरी नाहीं, असा हा निर्णय आहे. २०१७ सालीं तीन न्यायमूर्तींनीं असेंच ठरविलें होतें. तेंच आतां कायम झालें.

वाद होता भरपाईचा. अपघातांत कोणी मेला कीं चालकाच्या परवान्यावर शेरा नव्हता एवढ्या सबबीवर विम्याची जबाबदारी झटकण्याचा प्रयत्न होत असे. ती वाट आतां बंद झाली. ज्या घरचा मिळवता माणूस रस्त्यावर गेला, त्या घराला शेऱ्याच्या तांत्रिक उणिवेपायीं उपाशी ठेवणें हा न्याय नव्हे. लाखो चालकांच्या पोटाचाही विचार या निकालांत झाला आहे. येथवर आम्हांस तो सर्वस्वीं मान्य आहे.

परंतु भरपाई कोणी द्यावी हा एक प्रश्न. भरपाईची पाळीच येऊं नये यासाठीं काय करावें हा दुसरा. अशा परवान्याच्या चालकांमुळें अपघात वाढतात असें दाखविणारी आकडेवारी न्यायालयापुढें आली नव्हती, व पुढें नसलेल्या पुराव्यावर न्यायालय निकाल देत नाहीं. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें काम कायदे करणारांचें व सरकारचें आहे. देशांतील रस्त्यांवर २०२२ या एका वर्षांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. एवढ्या मोठ्या संहाराकडे पाठ फिरविणें कोणत्याही सरकारास शोभत नाहीं.

आपल्या कुटुंबास घेऊन रविवारीं फिरावयास जाणारा गृहस्थ आणि दिवसभर परक्या माणसांचे प्राण हातीं घेऊन चालणारा टॅक्सीवाला, यांची कसोटी एकच कशी असूं शकेल? चालक निदान आठवी इयत्ता शिकलेला असावा ही अट २०१९ सालीं काढून टाकली, तें योग्यच झालें. पाटी-पुस्तकानें चाकावरचा हात स्थिर होत नाहीं. मात्र अट काढली त्याच जागीं खऱ्या कौशल्याची परीक्षा बसवावयास हवी होती. लंडन शहरीं १८६५ पासून भाड्याच्या गाडीवाल्यास शहराचे रस्ते तोंडपाठ असल्याची परीक्षा द्यावी लागते व तिची तयारी करण्यांत वर्षें जातात. त्याच शहरांत मोबाईलवरून गाड्या पुरविणाऱ्या उबर कंपनीचा परवाना २०१९ सालीं अधिकाऱ्यांनीं नाकारला. कारण भलत्याच माणसांनीं नोंदलेल्या चालकांच्या खात्यांवर आपलीं छायाचित्रें चढवून हजारों फेऱ्या केल्याचें उघडकीस आलें. पुढें २०२० सालीं न्यायालयानें तो परवाना परत दिला. पण कंपनी कितीही बडी असो, उतारूच्या सुरक्षिततेचा जाब तिला द्यावा लागतो, हा धडा घेण्यासारखा आहे.

आतां गाडीकडे वळूं. मुंबईंत टॅक्सीच्या आयुष्यास वीस वर्षांची मर्यादा आहे; तिच्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरांत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. अनेकांस हळहळ वाटली. पण गाडीचें वय पंचांग पाहून ठरतें, तिची प्रकृति ब्रेक दाबूनच कळते. आठ वर्षें वयापर्यंत दर दोन वर्षांनीं व पुढें दरसाल योग्यतेचा दाखला घ्यावा असा नियम आहे. हा दाखला यंत्रांनीं तपासणी केल्यावांचून देऊं नये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत आली. ती स्तुत्य होय. कारण यंत्र ओळख पाहत नाहीं व चिरीमिरी घेत नाहीं. मात्र कायदा कागदावर येतो एका दिवसांत आणि यंत्र उभें राहतें वर्षांनीं, हा आपला नेहमींचा अनुभव आहे. मुंबईच्या पोलिसांनीं १ नोव्हेंबर २०२२ पासून मागील उतारूंसही पट्टा बांधण्याची सक्ती केली. परंतु किती टॅक्सींत तो पट्टा आसनाच्या खोळीखालीं गाडलेला असतो, हें वाचकांनीं स्वतःच पाहावें.

याचा सारा दोष चालकाच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. मोटार वाहतूक कामगारांसाठीं १९६१ सालीं झालेल्या कायद्यानें दिवसाच्या आठ तासांची मर्यादा घातली; पण पांचांहून कमी नोकर असलेल्या धंद्यास तो आपोआप लागू नव्हता, आणि टॅक्सीवाला बहुधा एकटाच. मोबाईलच्या कंपन्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२० सालीं बारा तासांची मर्यादा सांगितली. मालकाचें भाडें व कर्जाचा हप्ता चुकवून उरेल तेवढेंच ज्याच्या चुलीपर्यंत पोंचतें, तो बारा तासांनीं थांबेल कसा? झोपेनें जड झालेला डोळा हा तुटक्या ब्रेकाइतकाच घातक असतो.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. उतारू नेणाऱ्या चालकाची निराळी परीक्षा असावी, परंतु तिचें शिक्षण सरकारनें मोफत किंवा अल्प खर्चांत द्यावें. योग्यतेच्या दाखल्याची तारीख व तपासणीचा निकाल गाडींत उतारूस वाचतां येईल असा लावावा. आणि ब्रेक, चाकें, गॅसचें नळकांडें यांतील दोषाबद्दल दंड प्रथम मालकास व फेरीवर दलाली घेणाऱ्या कंपनीस व्हावा, चालकास मागाहून.

परवाना म्हणजे सरकारनें उतारूस दिलेलें वचन आहे. ‘हा माणूस आणि ही गाडी आम्हीं पारखली आहे’ असें त्या कागदावर सरकार सही करून सांगत असतें. तें वचन खरें करून दाखविण्याची जबाबदारी सही करणाराची आहे, आणि त्याबद्दल जाब विचारण्याचा हक्क भाडें मोजणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा आहे.