तार पुन्हा पुन्हा तिथेच तुटते?

गेल्या गणेशोत्सवात जबलपूरला, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात, भाच्याच्या इलेक्ट्रिक गिटारची पहिली तार ऐन गाण्यात तुटली. महिन्याभरातली ती तिसरी. घरी आल्यावर त्याने गिटार कपाटावर ठेवून दिली. म्हणाला, "मावशी, माझा हातच जड आहे गं. मला नाही जमणार."

आई तानपुरा लावत होती. मिरजेहून आणलेला तिचा जुना तानपुरा. ती एवढंच म्हणाली, "हाताला दोष देण्याआधी घोडी बघ."

गिटारची घोडी म्हणजे ब्रिज. त्यावर प्रत्येक तारेखाली छोटं सॅडल असतं. पहिली तार बहुधा 0.009 किंवा 0.010 इंच जाडीची, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. एवढ्याशा तारेवर सहा-सात किलोचा ताण असतो. सॅडलवर धातूचं बारीकसं कुसळ असलं, तरी प्रत्येक झंकारासोबत तार तिथे झिजत जाते आणि एक दिवस तुटते.

तुमच्याही घरी असं होत असेल, तर आधी तुटलेला तुकडा बघा. तार दर वेळी सॅडलवरच तुटत असेल, तर पुढचे उपाय करा.

1. तार काढून सॅडलच्या खाचेवरून कापूस फिरवा. धागे अडकले, तर कुसळ आहे.

2. पिकअपवर चिकटपट्टी लावा. पिकअपमध्ये चुंबक असतो, धातूची भुकटी त्याला चिकटते.

3. जाड तारेच्या तुकड्यावर 600 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेतून तारेच्याच दिशेने हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. कापूस अडकेनासा झाला की थांबा. खाच खोल करायची नाही, नाहीतर तार खाली बसून खरखरेल.

4. भुकटी पुसून खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. तार अलगद सरकते.

5. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, ब्रिजपाशी विशेष. तळहात तिथेच टेकतो, घाम तिथेच साचतो. पावसाळ्यात तर गंज लवकर धरतो. गंजलेली तार तुटायची वाट न बघता बदला.

सुरात लावताना ट्यूनर डोळ्यांसमोर ठेवा. चुकून वरच्या सप्तकात ताणली, तर नवी तारही तुटते. आणि सॅडल फारच झिजलं असेल, तर घासत बसू नका, बदलून घ्या.

आम्ही कापूस फिरवला आणि पहिल्याच फेरीत धागा अडकला. भाचा त्या धाग्याकडे बघतच राहिला. पेपर फिरवून नवी तार चढवली, त्याला आता चार महिने झाले. हात तेवढाच जड आहे, तार शाबूत आहे.

कपाटावरची गिटार आता रोज संध्याकाळी खाली येते. आई मात्र तक्रार करते, "जरा हळू वाजव रे, माझा षड्ज ऐकू येत नाही!"