विद्यापीठ परिसरातील बांधकामे व दुरुस्त्या : कर्मचारी संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू व व्यवस्थापन परिषदेचे सर्व सदस्य
द्वारा : मा. कुलसचिव

विषय : नवी बांधकामे, जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि परिसरातील सुरक्षितता

महोदय,

विद्यापीठ वाढते आहे. विभाग वाढले, विद्यार्थी वाढले, त्यांच्यासाठी इमारती हव्यातच. या विस्ताराला संघटनेचा पाठिंबा आहे. परंतु नव्या इमारतींची भूमिपूजने वेळेवर होतात आणि वापरातल्या इमारतींची दुरुस्ती दरवर्षी पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलली जाते. हा क्रम बदलावा, यासाठी शिक्षक व शिक्षकेतर सभासदांच्या वतीने पुढील मागण्या सादर करीत आहोत.

१. दुरुस्तीचा निधी व वेळापत्रक
निवासस्थाने व वसतिगृहांच्या छतांची कामे उन्हाळा संपता संपता मंजूर होतात. ठेकेदार येतो तोवर पाऊस येतो, काम थांबते आणि मार्चअखेर निधी अखर्चित राहतो. बांधकामाच्या वार्षिक तरतुदीपैकी किमान २५ टक्के रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवावी व ती नव्या कामाकडे वळवू नये. गळती रोखण्याच्या कामांचे कार्यारंभ आदेश ३१ जानेवारीपर्यंत द्यावेत आणि कामे ३१ मेपर्यंत पूर्ण करावीत.

२. संरचनात्मक तपासणी
महापालिका कायद्यानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. अहवाल मात्र त्या इमारतीत राहणाऱ्यांना दाखवला जात नाही. तो मिळाल्यापासून १५ दिवसांत रहिवाशांना व संबंधित विभागाला द्यावा. इमारत रिकामी करायची असल्यास पर्यायी जागा व परतीची मुदत आधी लेखी कळवावी. जागा देता येत नसेल, तर त्या काळातले घरभाडे विद्यापीठाने भरावे.

३. कामाच्या वेळा
ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. बांधकाम चालू असताना ती दिवसभर पाळणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून वेळेचे बंधन मागतो. तोडफोड व ड्रिलिंग तासिकांच्या वेळेत आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंद ठेवावे. परीक्षेच्या दिवशी परीक्षा केंद्रालगत असे काम होऊ नये. ही अट निविदेतच असावी, म्हणजे ठेकेदाराला वाढीव दर मागता येणार नाही.

४. अग्निसुरक्षा
नूतनीकरण चालू असताना जिन्यांत सिमेंटच्या गोण्या व फर्निचर रचले जाते. बाहेर जाण्याच्या दोन वाटा मोकळ्या नसतील, तर त्या मजल्यावर वर्ग किंवा कार्यालय चालवू नये. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी व जुलैत द्यावयाचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भागात लावावे.

५. दिव्यांगांसाठी सुगमता
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. ती मुदत २०२२ मध्ये संपली. यापुढे कोणत्याही नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात १:१२ उताराचा रॅम्प, सुगम स्वच्छतागृह आणि बहुमजली इमारतीत लिफ्ट यांचा समावेश असावा. त्याविना अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी देऊ नये.

६. बांधकाम मजूर
आमच्या इमारती बांधणारे मजूर परिसरातच पत्र्याच्या खोपटांत राहतात. ते आमचे सभासद नाहीत. तरी काम विद्यापीठाचे असल्याने जबाबदारीही विद्यापीठाची आहे. पिण्याचे पाणी, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र शौचालये, मुलांसाठी पाळणाघर आणि सुरक्षा साधने यांची पाहणी केल्याशिवाय ठेकेदाराचे चालू देयक मंजूर करू नये.

७. माहिती व ताबा
प्रत्येक कामाच्या ठिकाणी ठेकेदार, मंजूर रक्कम, कार्यारंभाची व पूर्णत्वाची तारीख दाखवणारा फलक असावा. निविदा व मुदतवाढीचे आदेश माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार मागणीची वाट न पाहता प्रसिद्ध करावेत. बांधकाम समितीत संघटनेचे दोन प्रतिनिधी घ्यावेत. इमारत वापरणाऱ्या विभागप्रमुखाची किंवा वसतिगृह अधीक्षकाची सही असलेल्या ताबापत्राशिवाय अंतिम देयक देऊ नये. दोष निवारण कालावधी संपण्यापूर्वी संयुक्त पाहणी व्हावी आणि त्यानंतरच सुरक्षा ठेव परत करावी.

यांपैकी तिसरी, चौथी व सातवी मागणी विद्यापीठाच्या तिजोरीवर भार टाकत नाही. त्या परिपत्रकाने तत्काळ लागू करता येतील. पहिली, दुसरी व पाचवी येत्या अर्थसंकल्पात बसवता येतील. सहावीत विद्यापीठाला फक्त देखरेख करायची आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत संयुक्त बैठक घ्यावी, तिचे इतिवृत्त दोन्ही बाजूंच्या सह्यांनी तयार व्हावे आणि ३० दिवसांत मागणीनिहाय लेखी वेळापत्रक मिळावे. तोंडी आश्वासन उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. मुदतीत वेळापत्रक न मिळाल्यास संघटना हा विषय अधिसभेत मांडेल आणि पूर्वसूचना देऊन टप्प्याटप्प्याने आंदोलन सुरू करेल.

आपले,
अध्यक्ष व सरचिटणीस
कर्मचारी संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने