पेप्टाइड नावाचा नवा अंगारा

हल्ली सुशिक्षित घरांतून एक नवा मंत्र कानी पडतो : पेप्टाइड! सासूबाईंच्या गुडघ्याला पेप्टाइड, सूनबाईंच्या गालाला पेप्टाइड, आणि चिरंजीव व्यायामशाळेतून परततात तेही पेप्टाइडचीच महती गात. अंगारेधुपारे गेले म्हणणाऱ्यांनी जरा घाईच केली म्हणायची.

वाचकहो, हे प्रकरण आहे तरी काय? अमिनो आम्ले हे मणी समजा. ते ओवून केलेली आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. साधारण पन्नास मण्यांपलीकडची, घड्या पडलेली लांब माळ म्हणजे प्रथिन. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली हे नाव दिले, तेही पचन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. बस्स, इतकेच! हे नाव माळेचे आहे, गुणाचे नव्हे. ५१ मण्यांचे इन्सुलिन १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला टोचले आणि मधुमेह्यांचे दैव पालटले. पण मधमाशीच्या नांगीतले २६ मण्यांचे मेलिटिनही पेप्टाइडच; आणि यकृत जाळणाऱ्या विषारी अळंबीतले आठ मण्यांचे कडेही त्याच जातीचे. ‘पेप्टाइड आहे, म्हणजे चांगलेच’ असे म्हणणाऱ्याला ती अळंबी वाढावी काय?

‘पण हे तर शरीरातच असते हो!’ इन्सुलिनही असते; जादा टोचले तर जीव घेते. आणि ते टोचावे का लागते? गिळले तर पोटातले पाचक रस माळ तोडून टाकतात म्हणून. कोलॅजनच्या भुकटीचीही बहुतांशी हीच गत. दुधात कालवून प्यालात, तरी सुटे झालेले मणी थेट गालावरच जाऊन बसावेत, असा हुकूम आतड्यांवर चालत नाही.

इथवर नुकसान पैशांचेच. खरा संताप येतो तो बीपीसी-१५७ सारख्या कुप्यांचा. स्नायुबंध सांधण्याची हमी हे विक्रेते देतात. पुरावा मात्र बहुतेक उंदरांवरचा. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना त्याची बंदी केली आहे. तरी तरणी पोरे स्वतःच्या हाताने ते टोचून घेतात! वैद्यांनी तपासून दिलेल्या सेमाग्लुटाइडची पुण्याई ही मंडळी बेधडक उसनी घेतात. माळ कोणती, किती माणसांवर अजमावली, निर्जंतुक आहे कशावरून, हे विचारा. विक्रेता दिवाळीची सवलत सांगू लागतो, आणि कुपीवर बारीक अक्षरांत छापलेले असते, ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नव्हे.’